पाच महिन्यांचं अंतर

दहा वर्षांत मी सात संघांकडून खेळलो आणि एकाही संघानं मला काढलं नाही. प्रत्येक वेळी मीच सोडलं. दोनदा भांडून, एकदा मॅनेजरच्या पुढ्यात जेवणाचं ताट आपटून, आणि बाकीच्या वेळी पलीकडे जास्त चांगलं मिळत होतं म्हणून. माझं नाव कोणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. फुटबॉलमध्ये लोक गोल मारणाऱ्याला ओळखतात, फार तर गोलकीपरला. मी लेफ्ट बॅक. समोरच्या संघाचा उजवीकडचा पोरगा दीड तास वैतागून घरी गेला की माझं काम झालं.

पण डाव्या पायाचा लेफ्ट बॅक आपल्याकडे सहज मिळत नाही. कोणीतरी उजव्या पायाचा धरून तिथे उभा करतात. तो बिचारा चेंडू आधी उजव्या पायावर घेतो, तेवढ्यात समोरचा निघून गेलेला असतो. मी जन्मापासून डाव्या पायाचा. हा माझा माल होता, आणि माल हातात असला की भाव कसा धरायचा हे मला आईनं शिकवलं होतं.

वडील मी शाळेत असतानाच गेले. आई देवळाली कॅम्पच्या बाजारात भाजी विकायची. गिऱ्हाइकं म्हणजे जवानांच्या बायका आणि साहेबांच्या बायका, सगळ्या मुलखांतल्या. आईला मराठीशिवाय भाषा येत नव्हती आणि तिचं कधी काही अडलं नाही. ती म्हणायची, लांबून भाव विचारतो त्याच्याकडं लक्ष देऊ नको. जो खाली बसतो आणि भेंडीचं टोक मोडून बघतो, तो घेतल्याशिवाय उठत नाय. त्याला चार आणे पण सोडायचे नाय. पुढे मुंबईत, पुण्यात, गोव्यात कुठल्या संघाचा माणूस मला बघायला आला की मी तेवढंच बघायचो. एक मॅच बघून गेला तर गप्प राहायचं. दुसऱ्यांदा आला तर तो खाली बसलाय.

पैशांवर मी फारसा भांडलो नाही, कारण आमच्यासारख्यांचे पैसे सगळीकडे जवळपास सारखेच ठरलेले असायचे. मी भांडायचो बाकी गोष्टींवर. बूट नवे हवेत, मागच्या लेफ्ट बॅकचे नकोत. खोलीत खिडकीजवळची खाट हवी. रोज दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध, मॅच असो वा नसो. दुखापत झाली तर डॉक्टर मी निवडणार. एका बँकेच्या संघात मी अंड्यांवरून तीन दिवस सराव बंद ठेवला होता. कॅप्टन म्हणाला, "अरे, दोन अंड्यांसाठी एवढं?" मी म्हणालो, "दोन नाही. हंगामाची किती होतात मोजून सांग." त्यानं मोजली नाहीत, पण चौथ्या दिवशी अंडी सगळ्यांनाच मिळाली. त्याबद्दल आजवर कोणी माझे आभार मानलेले नाहीत.

खेळ मात्र मला कोणी शिकवला असं नाही. कॅम्पात तोफखान्याच्या जवानांच्या मॅच चालायच्या. आम्ही पोरं रेषेबाहेर बसून बाहेर आलेला चेंडू परत मारायचो. तो परत मारता मारताच मी शिकलो. पुढे पुढे माणूस कमी पडला की ते मला आत घ्यायचे, एका बाजूला बूट घातलेले जवान आणि मी अनवाणी. पायाच्या बोटांची नखं तिथेच गेली ती अजून सरळ उगवत नाहीत.

आता सरांचं. सर शाळेतले शिक्षक होते आणि जिल्ह्याच्या निवडीचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी मला जवानांत खेळताना पाहिलं. एकोणीस वर्षांखालच्या संघाची निवड चालू होती आणि मी विसाव्या वर्षात होतो.

सरांनी विचारलं, "वय किती?"

मी खरं सांगितलं.

"छे. बरोबर तीन कमी. तू सतराव्यात आहेस."

त्यांनी माझ्यासमोर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, स्वतःच्या पेनानं फॉर्मवर माझी जन्मतारीख लिहिली. दिवस तोच, महिना तोच, फक्त साल तीन वर्षं पुढचं. आठवड्यानं ओळखीच्या कुठल्याशा शाळेतून तसा दाखलाही आणून दिला. म्हणाले, "ही तारीख पाठ कर. झोपेत विचारली तरी हीच आली पाहिजे."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या संघात खऱ्या वयाचा कोण होता देव जाणे. आमच्या स्टॉपरला तर एक पोरगी होती, ती त्याला "पप्पा" म्हणत मैदानात धावत यायची आणि आम्ही सगळे ती त्याची भाची आहे असं सांगायचो. आम्ही राज्यात दुसरे आलो. चांदीच्या रंगाचं पदक मिळालं आणि एक प्रमाणपत्र, त्यावर माझी नवी तारीख सुबक अक्षरात.

तिथून पुढे मी दोन वयांचा माणूस झालो. घरी एक, फुटबॉलमध्ये एक. आणि हे मी आज लपवत नाही, त्या तीन वर्षांचा मी भरपूर फायदा घेतला. पंचविसाव्या वर्षी मुंबईत बोलणी चालली होती, तेव्हा समोरच्याला म्हणालो, "माझं वय बावीस. अजून आठ वर्षं तुमचीच." सत्ताविसाव्या वर्षी गोव्यात म्हणालो, "आत्ता कुठे चोविसावं संपतंय." मॅनेजर लोक पायाकडे बघायच्या आधी तारखेकडे बघतात. मी तारीख पुढे करायचो. सात संघ मला त्या तारखेवर मिळाले असं नाही म्हणणार मी, पण अर्धे तरी मिळाले असतील.

तिशीला आलो आणि डावा गुडघा बोलायला लागला. मॅच झाली की त्यात पाणी भरायचं, दोन दिवस जिना चढताना कठडा धरावा लागायचा. आमच्या धंद्यात तिशीनंतर काय होतं ते मी पाहिलं होतं. माझ्याबरोबरचा एक विंगर रिक्षा चालवत होता. एक गोलकीपर हॉटेलच्या दारात डगला घालून गाड्यांना सलाम करत होता, आणि त्याची उंची बघून मालक खूश होता. मला तसलं काही नको होतं. मला कायमची नोकरी हवी होती. करार नाही, हंगाम नाही. कायम. आपल्या खेळाडूंना कारखाने, बँका, रेल्वे असं कामावर घेतात, त्यासाठीच तर निम्मे लोक खेळत असतात. मी दहा वर्षं चांगल्या दुधाअंड्यांच्या मागे फिरलो आणि ही एक गोष्ट मागायची राहून गेली होती.

तेवढ्यात सरांचा निरोप आला. त्यांनी केव्हाच शाळा सोडली होती आणि सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात ते क्रीडा विभाग बघत होते. म्हणाले, परत ये, एक हंगाम खेळ, तुला कायम करून घेतो. मी म्हणालो, लिहून द्या. ते हसले. "अरे, सरांचा शब्द आहे." मी आयुष्यात तेवढ्या एकाच माणसाचा शब्द लिहून न घेता धरला.

हंगाम खेळलो. कारखान्याचा संघ पहिल्यांदाच वरच्या गटात गेला. हंगाम संपताच सरांनी अर्ज पुढे पाठवला आणि मला कारखान्याच्या ऑफिसातून कागद आले. ते मी घरी, ओट्यावर बसून, काळजीपूर्वक भरले. दाखला जोडला तो सरांनी दिलेलाच. प्रमाणपत्रांवर तीच तारीख, मग दाखलाही तोच लागणार. सोबत घरातल्या सगळ्या माणसांच्या माहितीचा एक फॉर्म होता. नाव, नातं, जन्मतारीख. पहिल्या ओळीत मी, फुटबॉलची तारीख. दुसऱ्या ओळीत आई, तारीख माहीत नाही म्हणून अंदाजे साल. तिसऱ्या ओळीत बहीण. ती कळवणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, अजून लग्न झालेलं नव्हतं. तिची तारीख मी न विचारता लिहिली. आमच्या घरात वाढदिवस झाला तर तिचाच व्हायचा.

मी, ज्यानं सात संघांच्या करारातलं एकेक वाक्य उलटंपालटं करून वाचलं, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली पहिली आणि तिसरी ओळ एकमेकींशी ताडून वाचली नाही.

नोकरभरतीचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर बाजूच्या खुर्चीवर बसले होते, क्रीडा विभागाचे म्हणून. मॅडमनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमची बहीण तुमच्याहून किती लहान?"

"साडेतीन वर्षांनी," मी म्हणालो. "त्याहून महिनाभर कमी."

मॅडमनी फॉर्म वळवून माझ्यापुढे सरकवला. दोन्ही ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. "अहो, इथे तर पाच महिने दिसतायत."

मी बघितलं. पाचच महिने होते.

मी काही बोलायच्या आत सर बोलले. "मॅडम, आम्हालाही हे नवीनच आहे. खेळाडूनं जी तारीख दिली ती आम्ही धरत आलो. आता त्यानं काय केलं..."

मी उठलो. खुर्ची मागे पडली. काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. एवढं आठवतं की बाहेरचा शिपाई दार उघडून आत बघत होता आणि सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"खुर्ची उचला," मॅडम म्हणाल्या. "उचला आणि बसा. ओरडल्यानं वय बदलत नाही."

मी खुर्ची उचलली. त्यांनी नियम सांगितला. वयाची अट अठ्ठावीस. चांगला खेळाडू असेल तर साहेबांच्या अधिकारात आणखी तीन वर्षं सूट मिळते, पण मागणी खऱ्या वयावर पाहिजे. "पुढच्या सोमवारपर्यंत मला लेखी द्या. एक तर तुमची तारीख खरी आणि बहिणीची चुकली, किंवा उलट. दोन्ही खऱ्या असं मला वर पाठवता येणार नाही. हसतील ते."

बाहेर सायकल स्टँडपाशी सर माझ्यामागे आले. मी त्यांच्याशी बोलणार नव्हतो, पण नोकरी त्यांच्याच विभागातली होती.

"तू उगाच तापतोस," ते म्हणाले. "सोपं आहे. नात्याच्या रकान्यात बहीण लिहिलंयस ना? तिथे चुलत बहीण लिही. काकाची पोरगी, काका वारला, आईनं सांभाळली. एक शब्द. मॅडमना तरी कुठे खोलात जायचंय?"

मला लगेच राग आला नाही, हे मी कबूल करतो. मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की खरंच एकच शब्द आहे.

रविवारी बहीण कळवणहून आली होती. रविवारी बाजार मोठा भरायचा म्हणून ती आईच्या मदतीला बसायची. मी दोघींना आठवडाभर काही सांगितलं नव्हतं. पण सर सांगायला स्वतः आले. पिशवी घेऊन, भाजीला आल्यासारखे. खाली वाकले आणि आईला समजावून सांगू लागले. आई वांगी मांडत ऐकत होती.

"म्हणजे," आई म्हणाली, "माझ्या दोन पोरांत पाच महिन्यांचं अंतर?"

"कागदावर हो, मावशी. कागदावर."

"म्हशीला पण दहा महिने लागतात, सर."

शेजारची मिरचीवाली हसायला लागली. सरही हसले. "म्हणूनच तर म्हणतोय. हिला चुलत लिहू. कुणाचं काय जातंय?"

आईनं हातातलं वांगं खाली ठेवलं. "चुलत? मग हिच्या त्या खऱ्या आईला बोलवा. दोन दिवस अन् एक रात्र कळा मी सोसल्या, त्या तिनं मला परत द्याव्या."

"मावशी, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तुमी त्याला तीन वर्षांनी धाकला केला तवा आला हुता का मला इचारायला? न्हाय ना? मग आता कशाला वाकताय? भाजी घ्यायची तर घ्या, न्हाय तर उन्हात उभं राहू नका, वय झालंय तुमचं. का तुमचं पण कमी केलंय?"

बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "लिही रे, दादा. लिही चुलत. मी काय राखी बांधायची थांबणार आहे का?" आणि मग सरांना, "फक्त वर्षाला भाऊबीज डबल घेईन. चुलत भावाला सूट नसते."

ती चेष्टा करत होती, पण मनापासून सांगत होती. मी नोकरीसाठी तिचं नातं बदललं असतं तर तिनं खरंच काही म्हटलं नसतं. आईनं म्हटलं असतं, दर रविवारी, मरेपर्यंत. बहिणीनं नाही.

सरांना मी बाजाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं. मी ठरवून गेलो होतो. मला त्यांच्याकडून एकच ओळ लिहून हवी होती, की ती तारीख त्यांनी बदलली. मी सुरुवात मोठी केली, आईसारखी. त्यांनी सगळा प्रकार लिहून द्यावा, दाखला कुठून आणला तेही. सर नाही म्हणाले. मग मी खाली आलो. दाखल्याचं राहू द्या, फक्त फॉर्मचं लिहा. तेही नाही. मग त्यांनी एक वाक्य पुढे केलं, "खेळाडूच्या भल्यासाठी आणि त्याच्या संमतीनं वय कमी नोंदवलं." मी म्हणालो, कोणी नोंदवलं ते लिहा. ते म्हणाले, ते कळतंच की वाचणाऱ्याला. मी म्हणालो, वाचणाऱ्याला कळतंच तर मग लिहायला काय जातं?

असं आम्ही दोन चहा होईपर्यंत ओढत होतो. आवाज माझाच वर होता. शेवटी सरांनी ग्लास खाली ठेवला.

"माझं निवृत्तीचं वर्ष आहे," ते म्हणाले. "मी सही करणार नाही. आणि तू फार साळसूद बनू नकोस. तीन वर्षं मी कमी केली, एकदा, फॉर्मवर. नंतर मुंबईत, गोव्यात, पुण्यात बावीस आहे, चोवीस आहे म्हणून कोण सांगत फिरला? मी आलो होतो का तुझ्याबरोबर?"

मी चहाचे पैसे टाकले आणि उठलो.

त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवसापासून आहे आणि तो जाणार नाही. त्यांनी खोटं लिहिलं म्हणून नाही. ते तेव्हा सगळेच करायचे, आणि माझ्या फायद्याचं होतं. मॅडमच्या केबिनमध्ये त्यांनी "खेळाडूनं जी तारीख दिली" असं म्हटलं म्हणून आहे. पण टपरीवर ते जे म्हणाले ते खोटं नव्हतं, आणि राग असला तरी माझा हिशेब पक्का असतो.

दुपारी घरी फॉर्म काढून बसलो. नात्याच्या रकान्यात "बहीण" आणि पुढे बोटभर मोकळी जागा होती. चुलत लिहायला पुरेशी. मी पेन घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. मग मनात आलं, इतकी वर्षं मी जे विकलं ते माझं होतं. पाय माझा, गुडघा माझा, ती तीन वर्षंसुद्धा माझीच. बहीण माझी मालमत्ता नव्हती की तिच्यावर सौदा करावा. मी पेन बंद केलं. मग आईच्या पेटीतून शाळेचा खरा दाखला काढला आणि वेगळ्या कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. माझी खरी तारीख ही. विसाव्या वर्षी ती तीन वर्षं पुढची करण्यात आली तेव्हा मी समोर होतो. मला माहीत होतं. त्यानंतरही मी तीच वापरली.

कोणी केली ते लिहिलं नाही. सही नसलेल्या माणसाचं नाव लिहून काय उपयोग?

सोमवारी सर रजेवर होते. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"तारीख कोणी बदलली?"

"सरांनी."

"ते लिहून देतील?"

"नाही."

"मग ते मी ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही, नोंद केल्यासारखं. सरांनी आणलेला खोटा दाखला त्यांनी टाचणी काढून माझ्याकडे परत दिला. "हा न्या. पुन्हा कुठेही दाखवू नका. आणि आता सांगते, ही प्रमाणपत्रं सगळी चुकीच्या तारखेची. यावर मी तुम्हाला खेळाडू म्हणून पुढे पाठवू कशी?"

इथे मी सावरून बसलो. याची तयारी मी केली होती.

"मॅडम, त्यात दोन प्रकार आहेत. एकोणीस वर्षांखालची दोन आहेत. ती माझी नाहीत, माझं वय जास्त होतं, ती काढून टाका. बाकीची नऊ मोठ्यांच्या स्पर्धांची आहेत. तिथे वयाची अटच नाही. वीस असो, चाळीस असो. तारीख चुकीची छापली म्हणून खेळलेला माणूस दुसरा होत नाही. डावा पाय माझाच होता. त्या मॅच ज्यांनी पाहिल्या त्यांना विचारा."

"वकिलासारखं बोलता."

"भाजीवालीचा मुलगा आहे, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांनी नऊ बाजूला काढली, एकेक पाहिली. मग दोन उरली ती माझ्यापुढे धरली. "ही मला काढून टाकल्याचं लिहून द्यावं लागेल तुम्हाला. राज्यात दुसरे आलेलं पण?"

"ते पण."

फाइलला नक्कल होती, मूळ प्रमाणपत्र आईनं चौकटीत लावलं होतं. मी सकाळीच चौकटीचे खिळे काढून आणलं होतं, म्हणजे मागितलं तर देता यावं आणि मागितलं नाही तर परत नेता यावं. मागितलं. दिलं. पदक कोणी मागितलं नाही म्हणून ते घरीच राहिलं.

"साहेब सूट देतील याची खात्री नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला एकतीस पूर्ण व्हायला किती दिवस आहेत?"

"सात आठवडे."

"मी आजच पाठवते."

पुढचे पाच आठवडे मी कोणाशी नीट बोललो नाही. सरावाला जायचो, कारण संघात होतो तोवर जाणं भाग होतं. घरी आलो की आई तोंड न उघडता ताट वाढायची. बहीण कळवणहून फोन करायची तो शेजारच्या दुकानात यायचा आणि दुकानदार ओरडायचा, "नर्सबाईंचा फोन! आलं का पत्र विचारतायत!" म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत की पत्र आलेलं नाही. एकदा मी त्याच्याही अंगावर धावून गेलो. मग माफी मागितली नाही, पण एक पेरूची पिशवी देऊन आलो.

सहाव्या आठवड्यात पत्र आलं. सगळ्यात खालची श्रेणी, स्टोअरमध्ये मदतनीस, पण कायम. त्यावर माझी खरी जन्मतारीख होती. ती मी छापलेली अशी पहिल्यांदाच बघत होतो. आईला वाचता येत नव्हतं, तिला बोट ठेवून दाखवली. ती म्हणाली, "हां. त्या दिवशी लय ऊन हुतं."

पत्र मिळाल्यावरच्या पहिल्या सरावाला सर मैदानावर आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. संघातल्या सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी शब्द दिला होता की नाही? वरती साहेबांकडे शब्द टाकला मी, तेव्हा हे झालं. आपल्या माणसासाठी करावं लागतं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका सेकंदात माझं डोकं फिरलं. पूर्वी असतं तर बॉक्स हवेत गेला असता. पण माझ्या खिशात कायमचं पत्र होतं आणि कायम झालेल्या माणसाला पेढे फेकायची गरज नसते.

"सर," मी म्हणालो, "या पोरांना सांगा ना. माझं वय किती?"

हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. "काय रे हे आता..."

"सांगा, सर. पत्रावर आहेच. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. कोणीतरी मागून ओरडलं, "सत्तावीस!" कारण संघाच्या यादीत तेच होतं. सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात पुढे केला नाही, पेढा घेतला नाही, नुसता उभा राहिलो. भाव ठरल्यावर गिऱ्हाइकानं पिशवी उघडेपर्यंत आई उभी राहायची तसा.

"तीस," सर म्हणाले. फारच हळू.

"मागं ऐकू आलं नाही त्यांना."

"तीस, तीस. चला, सुरू करा सराव."

मग मी पेढा घेतला. चांगला होता, कॅम्पातल्या हलवायाचाच असावा. बुटाच्या नाड्या बांधल्या, गुडघ्यावर पट्टी चढवली आणि डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.